दाजींची करंगळी

नगरजवळच्या भिंगारमध्ये आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक पिठाची गिरणी आहे. गिरणीच्या वर लांबट हॉल आहे आणि त्या हॉलमध्ये कराटेचा क्लास भरायचा. खाली गिरणी सुरू झाली की वरची फरशी थरथरायची. आमचे सर त्या फरशीवर पाय फाकवून असे उभे राहायचे, की ती थरथर त्यांच्याच अंगातून निघते आहे असं नव्या माणसाला वाटावं.

क्लासला मी मुलीला घातलं होतं. तिला सोडायला जायचं, बाकावर बसायचं, घेऊन यायचं. थोड्याच दिवसांत ती कंटाळली. पायाला पीठ लागतं म्हणाली. पण तोपर्यंत मला तिथे बसायची गोडी लागली होती. मी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात खरेदी विभागात काम करते. दिवसभर पुरवठादारांच्या थापा ऐकून संध्याकाळी कोणाला तरी लाथ घालावी असं मनापासून वाटतं, आणि इथे तर लाथा शिकवतच होते. चाळिशी उलटलेली मी, सलवारीवर तो पांढरा अंगरखा बांधून पोरींच्या रांगेत उभी राहिले.

सरांबद्दल काय सांगावं? ते जपानबद्दल बोलायचे तेव्हा कोणालाही वाटलं असतं की कालच उतरून आले. खरं म्हणजे ते पुण्याच्या पुढे कधी गेले नव्हते. पोट पट्ट्याच्या वर आलेलं. मुली दमल्या की ते म्हणायचे, "मन थकतं, शरीर थकत नाही," आणि स्वतः खुर्चीत बसायचे.

त्यांनी शिकवलेला हल्लेखोर नेहमी समोरून यायचा. उजव्या हाताने यायचा. आला की हात पुढे करून थांबायचा, आणि आपलं वळणं, अडवणं, ओरडणं, लाथ मारणं सगळं संपेपर्यंत तसाच थांबून राहायचा. तो अनोळखी असायचा, अंधाऱ्या बोळात असायचा, कधी त्याच्या हातात लाकडी चाकू असायचा. मी इतकी वर्षं नगरमध्ये राहते. असा शहाणा गुंड मला एकदाही भेटलेला नाही.

एका संध्याकाळी मात्र सरांनी कामाची गोष्ट सांगितली, तीही तुच्छतेने. कोणीतरी विचारलं, मनगट घट्ट धरलं आणि सुटलंच नाही तर काय करायचं? सर म्हणाले, "अख्ख्या हाताशी भांडायचं नाही. एक बोट शोधायचं आणि उलटं वाकवायचं. पण हे काही कराटे नाही. स्पर्धेत याला गुण मिळत नाहीत." आणि लगेच पुन्हा हवेत ठोसे मारायला लावलं. मी ते बोट वाकवणं घरी टीव्हीसमोर नवऱ्यावर करून पाहिलं. तो "अगं अगं" करत सोफ्यावरून खाली आला. मला बरं वाटलं.

आता दाजी.

दाजी म्हणजे माझ्या मोठ्या नणंदेचे यजमान. साठीचे, अंगाने भरलेले, कडक इस्त्रीचे पांढरे कपडे. एका पतसंस्थेत संचालक. सासर माझं काष्टीचं, आणि त्या घरात दाजी थोरले जावई. ते येणार म्हटलं की सासूबाई आदल्या दिवसापासून पुरणाची डाळ निवडायला बसतात. पहिलं ताट त्यांचं, पंख्याखालची खुर्ची त्यांची, घरातला कोणताही वाद मिटवायचा तर शेवटचा शब्द त्यांचा. आणि घरातल्या प्रत्येक बाईच्या पाठीवर, दंडावर, कमरेवर त्यांचा हात. बोलता बोलता ठेवायचा आणि विसरल्यासारखा राहू द्यायचा.

हे कोणाला माहीत नव्हतं असं नाही. सगळ्यांना माहीत होतं. बायकांमध्ये त्याची थट्टाही चालायची, "दाजींचा हात जरा लांब हाय." लग्न होऊन आले तेव्हा, माझ्याआधीच त्या घरात आलेल्या धाकट्या जावेने मला हसत हसत बजावलं होतं, "दाजी आलं की भिंतीला पाठ लावून हुभं ऱ्हायचं." एखाद्या घरात गळकं कौल असतं, त्याच्याखाली बादली ठेवून वर्षानुवर्षं जगतात, तसं. माणूस मोठा आणि तक्रार लहान, असा हिशेब. मीही ती बादली सरकवत आले होते.

सरांना कुठून तरी कळलं की पतसंस्थेचे संचालक माझ्या नात्यातले आहेत. त्यांना हॉलसाठी मॅट हव्या होत्या. त्यांनी परस्पर दाजींना गाठलं. दाजींनी मॅट दिल्या, आणि पट्टे वाटायच्या कार्यक्रमाला प्रमुख पाहुणे दाजी. फलकावर मोठ्या अक्षरांत 'महिला स्वसंरक्षण' आणि त्याखाली दाजींचा फोटो.

दाजींनी भाषण केलं. "आजच्या काळात प्रत्येक भगिनीनं रणरागिणी झालं पाहिजे. वाईट नजरेनं बघणाऱ्याचे डोळे काढायची धमक तिच्यात पाहिजे." टाळ्या पडल्या. मग एकेक जण पुढे जाऊन त्यांच्या हातून पट्टा घेऊ लागली. माझी पाळी आली. उजव्या हाताने त्यांनी मला पिवळा पट्टा दिला आणि डावा हात अंगरख्याच्या मागून कमरेवर ठेवला. फोटो काढणारा म्हणाला, "इकडे बघा, स्माईल." मी इकडे बघितलं. स्माईल केलं.

तो फोटो अजून कुठेतरी असेल. वर्षभर लाथा मारायला शिकलेली बाई हातात पट्टा घेऊन हसते आहे आणि तिच्या कमरेवर प्रमुख पाहुण्याचा हात आहे. सर शेजारी उभे राहून टाळ्या वाजवत आहेत. यापेक्षा त्या क्लासची खरी जाहिरात होणार नाही.

घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं. पहिल्यांदाच सांगत नव्हते. तो बूट काढत होता. म्हणाला, "त्यांची सवयच आहे ती, लगट करून बोलायची. वय झालंय आता त्यांचं."

"वय झालं तर हात थकायला पाहिजे ना?"

"मी बोलतो त्यांच्याशी."

तो बोलला नाही. माझा नवरा वाईट माणूस नाही. पाणी भरतो, भाजी निवडतो, मुलीचा अभ्यास घेतो. पण थोरल्या बहिणीच्या नवऱ्यासमोर त्याचा आवाज घशातच राहतो. दाजींनी त्याला नोकरीला चिकटवलं होतं, हे त्याला दाजींपेक्षाही जास्त आठवतं.

मग धाकट्या दिराच्या मुलीचं लग्न आलं. काष्टीतच, दौंड रस्त्यावरच्या मंगल कार्यालयात. नेमका बाजाराचा दिवस, त्यामुळे रस्त्यावर बैलांचे टेम्पो, आमची गाडी, वऱ्हाडाच्या गाड्या, सगळं एकमेकांत अडकलेलं. आम्ही पोचलो तेव्हा मुहूर्त टळून गेला होता, पण अक्षता अजून पडायच्या होत्या. दाजी दारात उभे राहून स्वागत करत होते. गुलाबी फेटा. आल्या आल्या माझ्या मुलीच्या गालाला हात लावून म्हणाले, "केवढी झाली गं!" मी मुलीला माझ्या दुसऱ्या बाजूला घेतलं. ती पंधरा वर्षांची. तिने गाल खांद्याला पुसला. ते मी पाहिलं.

लग्न लागलं. जेवणाच्या पंगती सुरू झाल्या. स्टेजवर फोटो चालू होते आणि माईकवरचा माणूस ओरडला, "मुलीकडच्या घरच्या सगळ्या मंडळींनी वर या." आम्ही वर गेलो. मी नवरीच्या मागे जाऊन उभी राहिले, भिंतीला पाठ लावून, जावेने शिकवल्याप्रमाणे. पण फोटोग्राफरला चौकट सुबक हवी होती. "मॅडम, तुम्ही पुढे या. साहेबांच्या शेजारी. हां, अजून जवळ."

मी दाजींच्या शेजारी उभी राहिले. फोटोग्राफरने एक, दोन म्हणायला सुरुवात केली आणि पाठीमागून तो हात आला. पदराच्या खालून, ब्लाऊज आणि साडीच्या मधल्या उघड्या जागेवर. नुसता ठेवला नाही. बोटं दाबली. आणि दाजी समोर बघून हसत होते, अगदी घरच्या कर्त्या माणसासारखे.

क्लासमधलं मला काहीही आठवलं नाही, हे सांगायला हवं. पाय कसे ठेवायचे, श्वास कसा घ्यायचा, ओरडायचं कधी, काहीही नाही. मी हसतच होते, फोटोसाठी. माझा डावा हात आपण होऊन मागे गेला. जे बोट पहिलं हाताला लागलं ते मी धरलं. ती करंगळी होती. मी ती मुठीत पकडली आणि मागे वाकवली. थोडी वाकवून सोडून देता आली असती. मी सोडली नाही. ओल्या भुईमुगाची शेंग फोडताना येतो तसा एक बारीक आवाज आला, किंवा मला नुसता हातात जाणवला, कारण खाली बँड वाजत होता.

दाजी गुडघ्यांवर खाली बसले. फेटा तिरपा होऊन कानावर आला. "आई आई आई" असं ते लहान मुलासारखं करत होते, आणि नवरदेवाला वाटलं ते त्याच्या पाया पडताहेत, म्हणून तो घाईघाईने मागे सरकला. फोटोग्राफरचा फ्लॅश उडालाच.

"दाजींना चक्कर आली!" कोणीतरी ओरडलं. मग जी धावपळ झाली ती बघण्यासारखी होती. कोणी पाणी आणलं. कोणी फोडलेला कांदा आणून नाकाशी धरला. एकाने चप्पल काढली आणि ती हुंगवायला पुढे आला. एवढ्या शुद्धीतल्या माणसाला मी कधी कोणी चप्पल हुंगवलेली पाहिली नव्हती. दाजी हात छातीशी धरून म्हणाले, "काही न्हाई, काही न्हाई. पाय घसरला."

सासूबाई माझ्या शेजारीच होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काय झालं गं?"

"पाय नाही घसरला," मी म्हटलं. "त्यांचा हात माझ्या कमरेवर होता. मी बोट मोडलं."

मी हळू बोलले नव्हते. दीर, जाऊ, नवरा, नवरीचा मामा, सगळ्यांनी ऐकलं. आणि सगळ्यांनी न ऐकल्यासारखं केलं. दीर म्हणाला, "चला चला, जेवणं खोळंबलीत." नवरीचा मामा छताकडे बघू लागला, जणू तिथे काही लिहिलेलं होतं.

मला पदरही नीट घेता येईना. मी नवरीच्या खोलीत जाऊन बसले. पाण्याचा ग्लास तोंडाशी नेताना दातांवर वाजला. सिनेमात बायका मारामारी करून केस मागे टाकतात. मी सुटलेला पदर टोचायला पिन शोधत होते.

थोड्या वेळाने घरातल्या बायका आत आल्या. धाकटी जाऊ पदर तोंडात कोंबून हसत होती, पण लग्न तिच्याच पोरीचं, म्हणून तिला रागावणंही भाग होतं. "लग्नात तरी न्हाई करायचं बाई असलं. चार मानसं बघत्यात."

"चार माणसं बघतात तेव्हाच ते करतात," मी म्हटलं. "तेव्हा कोणी बोलत नाही म्हणून."

"आमी काय करतो मंग?" एक चुलत जाऊ म्हणाली. "आमी पोरगं कडंवर घेतो. मधी पोरगं असलं की हात लावाया जागाच ऱ्हात न्हाई."

नवऱ्याची चुलती म्हणाली, "माझी पोरं मोठी झाली, आता मी ताट धरती. चहाचा ट्रे असला की बरं पडतं, कढत असतो."

मग जिच्या तिच्या युक्त्या निघाल्या. कोणी शेणाचे हात आहेत म्हणून सांगायची, कोणी पाळी आहे म्हणून बाजूला बसायची. एवढ्या बायका, एवढी वर्षं, एवढी अक्कल, आणि ती सगळी एका माणसाला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून खर्च झालेली. मला त्या खोलीत दाजींपेक्षा त्या हसण्याची जास्त किळस आली. मी त्यांना तसं म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं की नाही, अजून ठरवता येत नाही.

करंगळीचं हाड मोडलं होतं. हाताला प्लास्टर बसलं, पार मनगटाच्या वरपर्यंत. आठ-दहा दिवसांनी काष्टीहून निरोप आला, घरात बसून बोलायचं आहे, दोघं या.

आम्ही गेलो. ओट्यासमोर गाडी उभी होती ती पाहून मला आश्चर्य वाटलं, कारण ती सरांची होती. आत गेले तर पंख्याखालच्या खुर्चीत दाजी, प्लास्टरचा हात उशीवर ठेवलेला, सासूबाई जमिनीवर, दीर खांबाला टेकून, आणि पलंगावर आमचे सर, ट्रॅकसूट घालून, हातात चहाची बशी. मला शिकवणारा माणूस म्हणून त्यांना बोलावलं होतं. कुत्रं चावलं की मालकाला बोलावतात तसं.

सरांनी बशी खाली ठेवली. "मॅडम, मार्शल आर्टचा पहिला नियम काय? संयम. विद्येचा गैरवापर झाला की गुरूची मान खाली जाते."

"सर, तुम्हीच सांगितलं होतं, एक बोट शोधायचं."

"ते बाहेरच्यांसाठी."

"बाहेरचे म्हणजे कोण?"

"म्हणजे... अनोळखी. गुंड प्रवृत्तीचे."

"आणि ओळखीच्याने हात घातला तर?"

सर क्षणभर थांबले. क्लासमध्ये कोणी चुकून डाव्या हाताने हल्ला केला की त्यांचं असंच व्हायचं. "तर समजुतीनं घ्यायचं," ते म्हणाले. "तुम्ही पिवळा पट्टा परत करावा असं मला वाटतं."

"पाठवून देते. तुम्हीपण दाजींच्या मॅट परत पाठवा."

दीर खांबाकडे वळला. तो हसत होता की काय, मला दिसलं नाही. दाजींनी डावा हात वर केला, सभेत करतात तसा. "जाऊ द्या. मी काय मनात ठिवलेलं न्हाई. चार लोकांत माझी जी शोभा झाली ती झाली. तिनं फकस्त आईंच्या म्होरं चुकलं म्हनावं, इषय संपला. लेकीसारखी हाय ती मला."

"लेकीला कुठं कुठं हात लावता, दाजी?"

हे वाक्य मी ठरवून आणलेलं नव्हतं. ते तोंडातून गेल्यावर घरात जी शांतता झाली त्यात मागच्या गोठ्यातली म्हैस रवंथ करत होती ते ऐकू आलं. दाजींचा चेहरा आधी लाल झाला आणि मग त्यावर काहीच उरलं नाही. सासूबाईंनी पदर डोक्यावर ओढला. सर उठून म्हणाले की त्यांना भिंगारला संध्याकाळची बॅच आहे, आणि चपला शोधू लागले.

माझा नवरा उभा राहिला. मला वाटलं, आता बोलेल. तो म्हणाला, "चला, निघू."

परतीच्या रस्त्यावर त्याने उसाच्या दोन ट्रॉल्या मागे टाकल्या. मग म्हणाला, "शेवटचं वाक्य नको होतं बोलायला."

"पहिलं कोणी बोललं असतं तर शेवटचं मला बोलावं लागलं नसतं."

त्याने रेडिओ लावला. त्या दिवशी मला त्याच्या चांगुलपणाचा वीट आला. भाजी निवडणारे हात मला पुरे वाटेनात. बरेच दिवस आम्ही कामापुरतं बोललो.

हे सगळं मी ज्या ताठ मानेने सांगते आहे ती मान एकदा मात्र वाकली. एका दुपारी दार वाजलं आणि बाहेर नणंद उभी होती. एकटी, एसटीने आलेली, हातात पिशवी. दाजींची बायको माझ्या घरी एकटी कधीच आली नव्हती. मी पाणी दिलं. तिने ते पिऊन ग्लास बाजूला ठेवला, आणि मी भांडणाला तयार होऊन समोर बसले.

"भांडाया न्हाई आले," ती म्हणाली. "तुला सांगाया आले. त्यांचा उजवा हात बांधलेला हाय, ठावं हाय ना तुला?"

"माहीत आहे."

"मंग त्यांची आंघूळ कोन घालतं? नाडी कोन बांधतं? घास कोन भरवतं? दाढी कराया न्हाव्याला बलवायचं न्हाई म्हनं, लोक इचारत्यात. ती बी मीच करती. बोट तू मोडलंस, आन हात माझे अडकलेत."

मी तिचा ग्लास पुन्हा भरून आणला.

"चहा गार झाला तर डाव्या हातानं कप फेकला परवा," ती म्हणाली. "तुझ्यावरला राग माझ्याव निघतोय. इतकी वर्षं दुसऱ्यांचा निघायचा, आता तुझा."

"ताई, तुम्हाला माहीत होतं ना सगळं?"

"माहीत?" ती माझ्याकडे बघत राहिली. "आगं, पयल्या वर्षापास्नं. मी बोल्ले हुते एकदा. त्याच्यानंतर न्हाई बोलले."

बोलल्यावर काय झालं ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. सरांच्या अंधाऱ्या बोळातला माणूस मला तेव्हा फारच गरीब वाटला. तो निदान आपलं काम झाल्यावर निघून तरी जातो.

"मी माफी मागावी अशी इच्छा आहे का तुमची?" मी विचारलं.

तिने बराच विचार केला. "मागितलीस तर घरात जरा निवांत व्हईल," ती म्हणाली. "पर मागू नगंस." मग पिशवीतून शेवग्याच्या शेंगा काढल्या, माझ्या ओट्यावर ठेवल्या, आणि चार वाजताच्या गाडीला जायला निघाली. मी तिला रिक्षाने माळीवाडा स्टँडवर सोडलं. गाडीत चढताना तिने मागे वळून पाहिलं नाही.

मी माफी मागितली नाही. क्लासला पुन्हा गेले नाही. पट्टा धुऊन, घडी करून गिरणीवाल्याकडे ठेवला, सरांना द्या म्हणून. मॅट काही परत गेल्या नाहीत. लग्नाचा अल्बम आला त्यात घरच्या मंडळींचं पान नव्हतं. दिराने फोटोग्राफरला सांगून काढायला लावलं होतं. गावात गोष्ट मात्र पोचायची तिथे पोचली. काष्टीच्या बाजारात दाजींना कोणीतरी "करंगळीवाले" म्हटलं असं मला जावेने फोन करून सांगितलं, आणि सांगताना तिचा आवाज लग्नातल्यासारखा पदरात कोंबलेला नव्हता.

त्यानंतर भाऊबीज आली. नणंद भावांना ओवाळायला काष्टीला येणार म्हणजे दाजी येणारच. नवरा म्हणाला, "तू आली नाहीस तरी चालेल, मी सांगतो काहीतरी." मी म्हटलं, मी येणार.

प्लास्टर निघालं होतं. करंगळी थोडी वाकडी बसली होती. दाजी आल्यापासून पंख्याखालच्या खुर्चीत होते, पुरण होतं, पंगत बसली तेव्हा पहिलं ताट त्यांचंच होतं. काही म्हणजे काही बदललं नव्हतं. सासूबाई मला म्हणाल्या, "तू वाढ." ती शिक्षा होती की समेट, त्यांनाच ठाऊक. मी तुपाची वाटी घेऊन गेले तर मी वाकायच्या आधीच दाजी "बास, बास" म्हणाले आणि दोन्ही हात मांडीवर घेतले.

पंगतीत सगळे होते. चुलत दिराच्या मुलाचं नुकतंच लग्न झालं होतं. त्याची बायको, विशीतली पोरगी, पोळ्या वाढत होती. ती दाजींच्या पलीकडच्या ताटापाशी वाकली आणि त्यांचा हात मांडीवरून उठून तिच्या पाठीवर गेला. अगदी सहज. मोडलेल्या बोटासकट.

मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला होते. तिथून लाथ पोचणार नव्हती, बोट पोचणार नव्हतं.

"दाजी, हात!" मी म्हटलं.

मोठ्याने. पोरं भिंतीवर रेघोट्या मारायला लागली की आपण म्हणतो, त्या आवाजात. हात तव्यावर पडल्यासारखा उठला. सगळे जेवायचे थांबले.

"काय झालं?" चुलत दिराने विचारलं.

"काही नाही. दाजींचा हात सुनेच्या पाठीवर पडला होता. उचलला त्यांनी."

नवी सून पोळ्यांचं ताट घेऊन तशीच उभी होती. माझा नवरा ताटाकडे बघत होता. मग त्याने मान वर केली आणि घसा साफ करून म्हणाला, "दाजी, तिला जाऊ द्या. पोळ्या गार होतात." एवढंच. तेवढ्यानेही त्याच्या कानशिलावर घाम आला होता.

दाजींनी हात ताटात परत नेला. त्यांनी घास कालवला. करंगळी वाकत नसल्यामुळे ती ताटाबाहेर ताठ उभी राहत होती.

नणंद त्यांच्या शेजारच्या ताटावर होती. तिने वर पाहिलं नाही. कालवता कालवता तिने डावा हात पुढे केला आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "कोनीतरी ती ठेच्याची वाटी द्या गं हिकडं."